पोट्ट्यांना फ्लॅग फुटबॉल शिकवताय? आधी शेपटी, मग बॉल

दोन हिवाळे झाले, मी आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात ८ ते १४ वर्षांच्या पोट्ट्यापोट्टींना फ्लॅग फुटबॉल शिकवतो आहे. आता आजूबाजूच्या गावातले लोक विचारत येतात की भाऊ, आमच्याकडं जमत काहून नाही. जाऊन पाहिलं तर सगळीकडं एकच चित्र. कोणीतरी नागपूरहून तो लांबुळका बॉल आणतो, पहिल्याच दिवशी पंचवीस पोट्ट्यांच्या मधात टाकतो, मोबाईलवर अमेरिकेतला हेल्मेटवाला व्हिडिओ दाखवतो आणि अर्ध्या तासात एकाचं ढोपर फुटलेलं असतं, दोघं भांडत असतात, पोरी ओट्यावर बसून पाहत असतात. हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे (ठरलं तेही आपल्या मुंबईतल्याच बैठकीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये), म्हणून सगळ्यांना घाई झाली आहे. पण व्हिडिओतला तो हेल्मेटवाला खेळ वेगळा. आपल्या यात अंगाला हात लावायचाच नाही, कमरेची पट्टी ओढायची. आमचे पोट्टे तिला शेपटी म्हणतात, मीही तेच लिहितो.

चूक बहुतेक क्रमात होते, म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा.

## १. मैदान आणि वेळ

मुलांच्या मोठ्या स्पर्धांत मैदान साधारण ७० यार्ड लांब, ३० यार्ड रुंद असतं, त्यातच दोन्ही टोकांना १०-१० यार्डांची गोलची पट्टी. मोठ्या माणसाचं एक लांब पाऊल म्हणजे जवळपास एक यार्ड (०.९१ मीटर), त्यामुळे टेप शोधत बसू नका, पावलांनी मोजा. जागा कमी असेल तर ५० बाय २५ पावलंही चालतात, लहान पोट्ट्यांना तर तेच बरं.

काळ्या मातीचं वावर मोकळं दिसलं म्हणून तिथं खेळवू नका. पाणी आटलं की भेगा पडतात आणि त्यात घोटा गेला की पोरगं महिनाभर घरी. मुरुमाची जागा असेल तर आधी गोटे वेचून घ्या. शाळेचं पटांगण सगळ्यात चांगलं. रेघा चुन्याच्या भुकटीनं मारतात, पण ती डोळ्यात गेली की आग होते, म्हणून मी चुलीची राख वापरतो. फुकटात मिळते आणि पोट्टे घरून पिशवीत घेऊन येतात.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च लागला की फक्त सकाळी ६ ते ८, आणि एप्रिल-मेमध्ये माझ्या मते बंदच ठेवा, आपल्या विदर्भाच्या उन्हाशी हुशारी करू नये. अजून एक गोष्ट: याच दिवसांत कापूस वेचणी असते आणि बरेच पोट्टे सुट्टीच्या दिवशी मायसोबत वावरात जातात. "रविवारी आला नाही म्हणून मॅचमध्ये नाही" असा नियम केला की गरिबाचंच पोरगं बाहेर बसतं. मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक आणि बुधवारी संध्याकाळी एक, असे दोनच दिवस ठेवले. गैरहजेरीची शिक्षा नाही.

तपासा: खेळाआधी दोन मोठी पोरं घेऊन पूर्ण मैदानभर अनवाणी नाही, चपला घालून हळू चाला. सराटे, काच, फुटलेल्या बाटल्या, खड्डे. कडेला गवत वाढलं असेल तर काठीनं आपटून घ्या, पावसाळ्यानंतर गवतात काय बसलं असेल सांगता येत नाही.

## २. शेपट्या घरीच शिवा

विकतचे पट्टे मिळतात, पण दहा जणांचे घ्यायचे म्हटले तर खर्च होतो आणि हरवले की रडारड. टेलरकडं जा. जुन्या ओढणीच्या किंवा चादरीच्या दोन बोटं रुंद, एक हात लांब पट्ट्या कापून घ्या. त्यांच्या एका टोकाला वेलक्रो शिवा, त्याचा जोड कमरेच्या इलास्टिकच्या पट्ट्यावर. वेलक्रोचा तुकडा लहान ठेवा, बोटाच्या पेराएवढा. आमच्या टेलरकाकांनी मजबूत पाहिजे म्हणून इंचभर रुंद आणि तीन इंच लांब शिवला, तर पोट्टी ओढून ओढून थकली आणि अख्खा पट्टा ढोपरापर्यंत खाली आला, सगळे हसले, ते पोरगं मात्र रडलं. तो लॉट पुन्हा उसवावा लागला.

वेलक्रोची सोय नसेल तर कपडे वाळवायचे प्लास्टिकचे चिमटे वापरा, शेपटी चिमट्यात आणि चिमटा इलास्टिकला. चिमटा तुटतो, म्हणून जास्तीचे ठेवा.

दहा जण मैदानात, प्रत्येकाला डाव्या-उजव्या बाजूनं एकेक, म्हणजे २० शेपट्या. मी २६ ठेवतो. एका टीमचा एक रंग, दुसऱ्याचा दुसरा, आणि शाळेच्या चड्डीच्या रंगाचा कपडा अजिबात नको, शेपटी दिसलीच नाही तर ओढणार काय.

सावध: शेपटी कधीच गाठ मारून बांधू नका. ओढल्यावर सुटली नाही तर पोरगं आपटतं.

## ३. कमर तपासा

ही पायरी लोक सोडून देतात आणि बोटं याच्यातच मोडतात. लाईन लावा आणि एकेकाची कमर बघा.

खिशाची चड्डी नको, शेपटी ओढताना बोट खिशात अडकतं. दुसरी चड्डी नसेल तर आहे तीच उलटी घालून खिशांची तोंडं आत घ्या. शर्ट चड्डीत खोचलेला, नाहीतर शेपटी झाकली जाते. कडं, बांगड्या, गळ्यातलं, सगळं पिशवीत. ओढणी काढून ठेवायची, आणि सलवार असेल तर पायाशी रबर लावा.

आणि करदोडा. आपल्याकडं निम्म्या पोट्ट्यांच्या कमरेला असतो. पहिल्याच महिन्यात एका पोरानं दुसऱ्याची शेपटी धरायला हात घातला, बोट करदोड्यात गेलं, समोरचा पळत सुटला आणि याचं बोट वाकडं. तेव्हापासून करदोडा चड्डीच्या आत खोचून वरून इलास्टिकचा पट्टा. काढा म्हणू नका, घरचे रागावतात, खोचा म्हणा.

## ४. नियम: पाच मिनिटांत, तेही पाचच

सगळे नियम पहिल्या दिवशी सांगाल तर पोट्टे जांभया देतील. एवढेच सांगा:

१. एका वेळी एका टीमचे ५ जण. बॉल पायानं मारायचा नाही, हातानं फेकायचा.

२. बॉल ज्याच्या हातात त्याची एक शेपटी निघाली की खेळ तिथंच थांबला. बॉल जमिनीवर पडला तरी थांबला. पडलेल्या बॉलवर कोणी उडी मारायची नाही.

३. चार चान्समध्ये मधली रेघ ओलांडायची. ओलांडली की गोलपर्यंत जायला पुन्हा चार चान्स. नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. (खेळ सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत एक चान्स. याला डाऊन म्हणतात, आम्ही चान्सच म्हणतो.)

४. धरणं, ढकलणं, आडवं येऊन अडवणं बंद. बॉलवाल्यानंही आपली शेपटी हातानं झाकायची नाही.

५. गोलच्या पट्टीत बॉल नेला की ६ गुण.

बाकीचं हळूहळू येतं. फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, स्वतः बॉल घेऊन चान्स जिथून सुरू होतो त्या रेघेपुढं पळू शकत नाही. त्याला फेकायला ७ सेकंद, नाहीतर चान्स गेला. त्याच्यावर धावून जाणाऱ्यानं त्याच सुरुवातीच्या रेघेपासून ७ यार्ड मागून निघायचं. हे ७ यार्ड नवीन टीममध्ये फार कामाचे, कारण ते नसले तर फेकणारं पोरगं बॉल हातात यायच्या आधीच घाबरतं. मी पहिला महिनाभर कोणाला त्याच्यावर धावूच देत नाही, बाहेरचे पोट्टे मिळून मोठ्यानं एक ते सात मोजतात. बाहेर बसलेल्यांनाही काम मिळतं.

गोलनंतरचा १ किंवा २ गुणांचा जास्तीचा चान्स पहिल्या दोन-तीन मॅचपर्यंत ठेवूच नका, हिशोबातच भांडण होतं.

## ५. पहिले तीन दिवस फक्त शेपटी

बॉल घरी ठेवून या, खरंच. बरोबर आणला की हट्ट सुरू होतो.

आपले पोट्टे कबड्डीत वाढलेले. समोरून कोणी पळत आलं की हात आपोआप मांडीला नाहीतर कमरेला जातो आणि मिठी बसते. त्यांची चूक नाही, पाचवीपासून तेच शिकवलं. ही सवय बॉल असताना सुटत नाही, कारण तेव्हा डोकं बॉलमध्ये असतं. म्हणून आधी नुसती शेपटी.

शेपटीचोर. १५ बाय १५ पावलांचा चौकोन, सगळे आत, सगळ्यांना दोन-दोन शेपट्या. दोन मिनिटांत जमतील तेवढ्या ओढा, स्वतःच्या वाचवा. इथं मी स्वतः एक मोठी चूक केली होती: ज्याच्या दोन्ही शेपट्या गेल्या तो बाद. झालं काय, सगळ्यात हळू पळणारी पोरगी प्रत्येक वेळी वीस सेकंदात बाहेर आणि उरलेला वेळ बसून, म्हणजे जिला सरावाची सगळ्यात जास्त गरज तीच सगळ्यात कमी खेळली. आता बाद कोणी नाही. शेपटी गेली की मैदानाबाहेर मी उभा असतो, पाच उठाबशा काढा, नवी शेपटी घ्या, परत आत. चौथ्या दिवशी त्याच पोरीनं सहा शेपट्या आणल्या.

गल्ली. पाच पावलं रुंद, बारा पावलं लांब गल्ली आखा. एका टोकाला पळणारा, दुसऱ्या टोकाला ओढणारा. ओढणाऱ्याला तीन गोष्टी सांगा: समोरच्याच्या खांद्याकडं नाही, कमरेकडं बघ, कारण खो-खोवाले खांद्यानं हूल देतात पण कमर खोटं बोलत नाही. जवळ आल्यावर गुडघे वाकव आणि पावलं बारीक कर. हात खालच्या दिशेनं ओढ, अंगाकडं नको.

ओढल्यावर शेपटी फेकायची नाही, हात वर करून दाखवायची आणि खेळ संपला की ज्याची त्याला हातात द्यायची. ही सवय पहिल्याच दिवशी लावा, नंतर लागत नाही.

तपासा: गल्लीत सलग दहा वेळा एकही मिठी न पडता शेपटी निघते का? नसेल तर चौथा दिवसही शेपटीचाच. घाई नको बाप्पा.

## ६. आता बॉल

मोठ्या माणसांचा पूर्ण साईजचा बॉल घेऊ नका. लहान हातात तो बसत नाही, पोट्टं दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकतं आणि तीच सवय पडते. ज्युनिअर किंवा त्याहून लहान साईज मागा. बॉल यायला वेळ लागत असेल तर पकडायचा सराव टेनिसच्या बॉलनं सुरू करा.

फेकताना बोटं शिवणीवर, तळहात आणि बॉलमध्ये थोडी पोकळी, कोपर खांद्याच्या वर, उजव्या हातानं फेकत असेल तर डावा पाय पुढं. समजत नसेल तर चिंचेच्या झाडावर वरच्या फांदीला गोटा कसा मारता ते करून दाखवा म्हणा, नव्वद टक्के काम तिथंच होतं. उरलेलं म्हणजे बॉल सुटताना बोटं त्याच्यावरून घसरली पाहिजेत, म्हणजे तो गरगर फिरत सरळ जातो.

पकडणं जास्त अवघड. क्रिकेटवाली पोरं बॉल छातीशी कवटाळतात आणि तो छातीवर आपटून उडतो. बॉल छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, कमरेच्या खाली आला तर करंगळ्या एकमेकांजवळ. आधी पाच पावलांवरून, मग आठ, मग बारा. पाच पावलांवर दहापैकी सात पकडल्याशिवाय मागं सरकू नका.

## ७. तीन चाली, जास्त नाही

व्हिडिओ बघून काही लोक वीस-वीस चाली वहीत काढून आणतात, पोट्ट्यांना एकही आठवत नाही. आमच्या तीन चाली आहेत, आणि त्यांची नावं पटांगणाच्या आजूबाजूच्या वस्तूंवरून. आमच्या एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला मारुतीचं देऊळ. "टाकी" म्हटलं की पाच पावलं सरळ पळ आणि टाकीकडं वळ. "मारुती" म्हटलं की तेच, पण देवळाकडं. "परत" म्हटलं की आठ पावलं पळ, गचकन थांब आणि फेकणाऱ्याकडं तोंड कर. डावं-उजवं सांगितलं तर निम्मे उलट पळतात, टाकीला कोणी चुकत नाही. (बाहेरगावी मॅचला गेलो तेव्हा टाकीच नव्हती. तिथं जाऊन आधी नवी नावं पाडावी लागली.)

काठीनं मातीत काढून दाखवा, मग चालत करून घ्या, मग पळत. बॉल मधून मागं देणारा जो असतो, सेंटर, त्याच्याकडंही बॉल फेकता येतो हे विसरू नका. सगळे त्याला फक्त बॉल मागं सरकवायला ठेवतात आणि ते पोरगं कंटाळतं.

## ८. टीम आणि पाळी: घरूनच कागदावर

न्यायाचं सगळं इथं आहे, आणि मैदानात ठरवायला गेलात तर चुकणारच, कारण हरायला लागलं की माणूस चांगल्या पोट्ट्यालाच आत ठेवतो. मीही ठेवला आहे.

दोन कॅप्टन उभे करून "तू कोण घेतो" असं पाडू नका. शेवटी उरणारं पोरगं दर वेळी तेच असतं आणि सगळ्या गावासमोर उरतं. मी पळायच्या वेगानं जोड्या लावतो, जोडीतला एक इकडं एक तिकडं. मोहल्ल्याप्रमाणं तर अजिबात नको, वरच्या आळीचे विरुद्ध खालच्या आळीचे झालं की मोठ्यांची जुनी भांडणं पोट्ट्यांच्या तोंडी येतात. पाण्याचा माठ एक, ग्लास सगळ्यांचा, वरून ओतून प्या, आणि याच्यावर चर्चा नाही.

पाळीचा हिशोब असा. टीममध्ये १० पोरं असतील तर मॅचचे चार भाग करा, प्रत्येक भागात ५ जण, प्रत्येकाला दोन भाग मिळतात. ८ असतील तर ४-४ मिनिटांचे ८ तुकडे करा: एकूण ४० जागा, प्रत्येकाला ५ तुकडे, म्हणजे ३२ मिनिटांच्या मॅचमध्ये प्रत्येकजण २० मिनिटं आत. ७ असतील आणि चार भाग असतील तर सहा जणांना तीन-तीन भाग, एकाला दोन. तो एक कोण ते वहीत लिहा आणि पुढच्या मॅचला दुसरा. वही पोट्ट्यांना दाखवा, त्यांना हिशोब बरोबर कळतो, मीच एकदा चुकलो तर चौथीतल्या पोरीनं पकडलं.

जागाही बदलत्या. महिन्याभरात प्रत्येकानं निदान एकदा बॉल फेकला पाहिजे. "ती पोरगी आहे, ती फक्त शेपटी ओढेल" हे चालवून घेऊ नका. आमच्याकडं सध्या सगळ्यात चांगलं पकडणारी सातवीतली पोरगी आहे, आणि पहिला महिना ती ओट्यावर बसून होती.

तपासा: मॅचच्या आधी कागदावर बघा, कोणी सलग दोन तुकडे बाहेर बसतंय का? बसत असेल तर अदलाबदल करा.

## ९. मॅचचा दिवस

दर १५ मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. कोणाला चक्कर, डोकेदुखी, मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच सावलीत, मानेवर आणि काखेत ओला कपडा, शुद्धीत असेल तर थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी. शुद्ध हरपत असेल किंवा अंग तापलेलं असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन. डोक्याला मार लागलेलं पोरगं "बरा आहे सर" म्हणेल, तरी त्या दिवशी खेळ बंद म्हणजे बंद.

शिट्टी कमी वाजवा. सुरू, थांब, चूक, एवढ्यालाच. शेपटी कुठं निघाली यावर वाद झाला तर आमच्यात ओढणाराच जागा दाखवतो, आणि पटलं नाही तर तो चान्स पुन्हा. मी पंच असताना माझ्या भाच्याच्या टीमचा निर्णय मी देत नाही, दुसऱ्या गुरुजींना देतो. लोक बोलायच्या आधीच देतो.

एक टीम १८ गुणांनी पुढं गेली की मी पुढं असलेल्या टीमचे चार चान्स तीन करतो आणि त्यांना नवीन फेकणारा द्यायला लावतो. काही पालकांना हे पटत नाही. पालकांचं सांगायचं तर, कडेच्या लोकांना खेळाआधी जाऊन नम्रपणे सांगा की टाळ्या वाजवा, नावं घेऊन ओरडू नका. एका काकांनी आपल्याच पोराला "काय रे, हात मोडले काय तुझे" असं तीनदा ओरडून म्हटलं, त्या पोरानं नंतर एकही बॉल पकडला नाही. पुढच्या मॅचला मी काकांच्या हातात घड्याळ दिलं, सात सेकंद मोजायला. त्या दिवशी काका एकदाही ओरडले नाहीत.

## १०. खेळ संपल्यावर

दोन्ही टीम आमनेसामने, हातात हात. मग गोलात बसवा आणि प्रत्येकानं समोरच्या टीमच्या एकाचं नाव घेऊन त्यानं काय चांगलं केलं ते एका वाक्यात सांगायचं. सुरुवातीला लाजतात, "चांगला पळला" एवढंच म्हणतात, चालतं. भाषण देऊ नका, पोट्ट्यांना भूक लागलेली असते.

शेवटी शेपट्या मोजा. २६ भरल्या पाहिजेत. कमी असतील तर लगेच शोधा, सकाळपर्यंत थांबलात तर बकऱ्या खातात. मागच्या शनिवारी २५ भरल्या, पंधरा मिनिटं सगळ्यांनी कडेच्या तुरीत शोधली, आणि ती निघाली माझ्याच खिशात.